नववे पीस

गेल्या वर्षी आश्विनातली गोष्ट. सहामाही परीक्षेचे पेपर तपासीत मी शिक्षकांच्या खोलीत बसलो होतो. मधल्या सुट्टीत आठवीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. हातात झाकणाची वेताची टोपली. परीक्षेच्या दिवसांत मुले आमच्या खोलीकडे सहसा फिरकत नाहीत, आणि फिरकलीच तर त्यांच्या हातात टोपली नसते. मी चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे पाहिले.

"सर, जरा बघता का? ह्याला रविवारी सोडू का नको, तेवढं सांगा."

टोपलीत एक निळे कबूतर होते. निळे म्हणजे आपण ज्याला पारव्या रंगाचे म्हणतो ते, पंखावर दोन काळे पट्टे. जात होमरची, म्हणजे दूर नेऊन सोडले तरी घरी परतणारी. छाती भरलेली, डोळा लाल आणि स्वच्छ. ढाबळ त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ नोकरीसाठी आखातात गेलेला, आणि जाताना पाखरे धाकट्याच्या हवाली करून गेलेला. पलीकडच्या गल्लीतल्या ढाबळवाल्याशी पैज लागली होती. साताऱ्याहून दोघांनी आपापली पाखरे सोडायची. ज्याचे मिरजेला आधी पोचेल तो जिंकला. साताऱ्याहून मिरज पाखराच्या वाटेने एकशे पंधरा-सतरा किलोमीटर. चांगले कबूतर पावणेदोन तासांत घरी येते.

मी पाखरू हातात घेतले, त्याचे पाय दोन बोटांत धरले आणि डावा पंख पंख्यासारखा उलगडला. बाहेरच्या टोकाचे पीस जुने, विटके, काठाला झिजलेले. त्याच्या शेजारची जागा जवळजवळ मोकळी, तिथून एक निळसर कोवळी नळी नुकतीच बोटाच्या पेराएवढी बाहेर आलेली. त्याच्या आतली सगळी पिसे नवी, काळीभोर, तुळतुळीत. मानेवर फुंकर घातली तर तिथेही बारीक काट्यांसारखी नवी पिसे उगवत होती.

"नववं गेलंय," मी म्हणालो.

"म्हणून तर आलो न्हवं!" तो म्हणाला.

इतिहासाच्या शिक्षकाकडे हा मुलगा कबूतर घेऊन का आला, असे वाचकांना वाटेल. कारण असे की, माझे मामा ह्याच गावातले जुने कबूतरवाले. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली, पण गल्लीतली म्हातारी माणसे अजूनही मला त्यांचा भाचा म्हणूनच ओळखतात, आणि भाच्याला मामाची विद्या आली असणार, असे गृहीत धरतात. ती आली आहे की नाही, ह्याविषयी पुढे सांगेनच.

आधी पिसांचे शास्त्र सांगतो, कारण त्याखेरीज पुढचे कळायचे नाही. कबुतराच्या प्रत्येक पंखाला दहा मोठी पिसे असतात. मामा त्यांना नुसते 'पर' म्हणत. ती मोजायची पंखाच्या मध्यापासून बाहेरच्या टोकाकडे. म्हणजे पहिले आतले आणि दहावे अगदी टोकाचे. ही पिसे वर्षभर ऊन, पाऊस, वारा खाऊन झिजतात, म्हणून पाखरू दर वर्षी ती टाकून नवी घेते. पण सगळी एकदम टाकील तर मांजराच्या तोंडी जाईल. म्हणून निसर्गाने क्रम लावून दिला आहे. आधी पहिले गळते. ते अर्ध्याच्या वर वाढले की दुसरे, मग तिसरे. दोन्ही पंखांतले जोडीने, एकदोन दिवसांच्या अंतराने, म्हणजे तोल बिघडत नाही. दहाव्यापर्यंत पोचायला जवळजवळ सहा महिने जातात. जोडपे दुसऱ्या वेळच्या अंड्यांवर बसले की साधारण पहिले पीस पडते. आपल्याकडे पावसाळ्यात ही पीसगळ रंगात येते आणि दिवाळीच्या आगेमागे टोकाला पोचते. मामांच्या तोंडी तिच्यासाठी जुना फारसी शब्द होता, कुरीज. "कुरीज लागलीय, दाणा वाढव," असे ते म्हणत. पीस म्हणजे बहुतांशी प्रथिन. तेव्हा ह्या दिवसांत नुसत्या ज्वारीवर पाखरू ठेवले तर नव्या पिसांवर आडव्या कमकुवत रेघा उमटतात आणि पुढल्या हंगामात पीस नेमके तिथेच मोडते.

आता खुबी अशी की, सगळी पिसे सारख्या कामाची नसतात. आतली पिसे पाखराला हवेत तोलून धरतात. पुढे ढकलण्याचे काम मुख्यतः बाहेरच्या तीनचार पिसांचे. पहिले, दुसरे किंवा चौथे पीस नसले तरी कबूतर शर्यत मारते, आणि जिंकतेही. सातवे, आठवे गळू लागले की पोकळी नेमकी नको त्या जागी येते. शिवाय त्याच सुमारास मानेची, छातीची, शेपटीची पिसेही बदलू लागतात. पाखराचे निम्मे बळ ती उगवण्यात खर्च होते. नवी नळी रक्ताने भरलेली असते. ती दुखावली तर रक्त वाहते, आणि पीस वाकडे येते ते पुढल्या कुरिजीपर्यंत वाकडेच राहते. तेव्हा पीस गळाले आहे का, हा प्रश्नच नव्हे. कितवे गळाले, नवे कुठवर आले, दोन्ही बाजू सारख्या आहेत का आणि किती लांब जायचे आहे, हे चार प्रश्न एकत्र विचारायचे असतात.

हे प्रश्न माणूस कधीपासून विचारतो आहे? कबुतरांचा नाद जुना आहे. बाबराचा बाप उमर शेख मिर्झा हा फरगाण्याचा राजा. १४९४ च्या जून महिन्यात अख्सीच्या किल्ल्यात दरीच्या कडेवर बांधलेली त्याची ढाबळ कोसळली आणि पाखरांसकट तोही खाली गेला. बाबराने ते स्वतः लिहून ठेवले आहे. त्याला तेव्हा बारावे वर्ष चालू होते आणि राज्य त्याच्या अंगावर पडले. इतक्या मोठ्या अपघातानंतर त्या घराण्याने कबुतरांचे नाव टाकायला हवे होते. पण पणतू अकबर निघाला पणजोबांच्याच वळणावर. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत बादशहाच्या कबुतरांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. ह्या नादाला दरबारात 'इश्कबाजी' म्हणत. वीस हजारांवर पाखरे आणि त्यांतली पाचशे खासगीतली! मात्र ही शर्यतीची पाखरे नव्हेत. त्यांनी हवेत गिरक्या घ्यायच्या, कोलांट्या मारायच्या. कोणते पाखरू किती गिरक्या घेते ह्याचा हिशेब ठेवलेला असे. आपल्याकडे गच्चीवर टुकडी उडवणारे जे लोक आहेत, ते ह्या परंपरेतले. उन्हाळ्यात तासन्‌तास पाखरू आकाशात ठेवण्याच्या पैजा लागतात, त्याही ह्याच वळणाच्या. उत्तरेकडचे काही उस्ताद त्या पैजांच्या आधी थंडीत पाखराची जुनी पिसे हाताने उपटून काढतात, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत नवी कोरी येतात. मामांना हे बिलकूल पसंत नव्हते. मलाही नाही.

लांबून घरी परतण्याची शर्यत मात्र युरोपातली, आणि तिचे माहेर बेल्जियम. १८१८ साली तिथे शंभर मैलांवरची पहिली मोठी शर्यत झाली, १८२० मध्ये पॅरिस ते लिएज, १८२३ मध्ये लंडनहून बेल्जियमपर्यंत. खाणकामगार, विणकर, चांभार असे हातावर पोट असलेले लोक ह्या नादात होते. घोडा परवडत नाही तर कबूतर पाळावे, असा हिशेब. (ह्याच काळाच्या आधीची एक गोष्ट फार सांगतात. वॉटर्लूच्या विजयाची बातमी रॉथ्सचाइल्ड सावकाराला कबुतराने आणली आणि त्याने शेअरबाजार लुटला, अशी. वर्गात सांगायला ती उत्तम आहे, पण खरी नाही.) खरी गोष्ट रॉयटरची. १८५० साली आखेन आणि ब्रुसेल्स ह्या दोन गावांमध्ये तारेचा धागा तुटक होता. पॉल ज्युलियस रॉयटरने मधली वाट कबुतरांनी भरून काढली. आगगाडीला सहा तास लागत, कबुतरे दोनेक तासांत बाजारभाव पोचवीत. चाळीसपंचेचाळीस पाखरांवर त्याने धंदा सुरू केला, आणि आज त्याच्या नावाची वृत्तसंस्था साऱ्या जगात आहे.

बेल्जियनांनी काही वर्षांतच ओळखले की, शर्यतीचे खरे पंचांग पाखराच्या पंखात असते. युरोपातल्या मोठ्या पाखरांच्या शर्यती एप्रिलपासून जुलैपर्यंत आटोपतात. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत त्याच वर्षीच्या पिलांच्या. ऑक्टोबरात ढाबळी शांत असतात. बार्सिलोनाहून बेल्जियमपर्यंत हजार किलोमीटरची जी प्रसिद्ध शर्यत आहे तीही जुलैच्या आरंभी सोडतात. हे वेळापत्रक हवामानाने ठरवले असे वरवर दिसते. हवामान आहेच, पण त्याच्या बरोबरीने ठरवले आहे पिसांनी. भारतातही बंगळूर, चेन्नई, कलकत्ता ह्या बाजूंचे होमरवाले शर्यती घेतात त्या थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडी, पिसे पुरी झाल्यावर.

माणूस मात्र पंचांग सरकवण्याची खटपट केल्यावाचून राहत नाही. बेल्जियनांनी एक युक्ती काढली, तिला ते 'विधुरपद्धत' म्हणतात. नराला मादीपासून वेगळा ठेवायचा. अंडी नाहीत, पिले भरवणे नाही. त्यामुळे पीसगळ उशिरा सुरू होते आणि जुलैतही त्याचे पंख बरेचसे शाबूत राहतात. शिवाय टोपलीत घालण्यापूर्वी त्याला चार क्षण मादी दाखवायची, म्हणजे परतताना तो वाटेत कुठे रेंगाळत नाही. दिवाळी अंक घरातली सगळी मंडळी वाचतात, म्हणून ह्यावर अधिक टीकाटिप्पणी करीत नाही. माझ्या पत्नीने हे ऐकल्यावर एवढेच विचारले की, मादीचे काय करतात? तर मादीही घरीच असते, आणि तिच्याही वेगळ्या शर्यती असतात. अंड्यांवर दहाबारा दिवस बसलेली मादी घराच्या ओढीने किती जोरात येते, हे जुने लोक जाणून होते.

दुसरी युक्ती अलीकडची, विसाव्या शतकाच्या शेवटी पसरलेली. पीसगळीचे घड्याळ दिवसाच्या लांबीवर चालते, हे कळल्यावर लोकांनी पिलांच्या ढाबळीला पडदे लावले. वसंतातले लांबत जाणारे दिवस त्यांना दिसूच द्यायचे नाहीत. संध्याकाळी पाचसहालाच अंधार करायचा, सकाळी आठनवाला उघडायचे. पिलू फसते. अंगाची पिसे बदलते, पण पंखाची मोठी पिसे धरून ठेवते आणि सबंध हंगाम पुऱ्या पंखांनी उडते. मग पडदे काढल्यावर सगळे साठलेले देणे एकदम चुकवते. ह्यापुढचे पाऊल काहींनी टाकले ते औषधांचे. स्टेरॉइडचे थेंब देऊन पीसगळ थोपवायची. त्यावर आता बंदी आहे, पाखरांची तपासणी होते आणि चोर सापडतातही. कबूतर ह्यातले काहीच मागत नसते, एवढे मात्र खरे.

शर्यतीला पंचांग असते, युद्धाला नसते. १८७० च्या सप्टेंबरात प्रशियनांनी पॅरिसला वेढा घातला. फुग्यांतून कबुतरे शहराबाहेर नेली, आणि दाग्राँ नावाच्या छायाचित्रकाराने हजारो पत्रे बोटभर फिल्मवर उतरवून ती त्यांच्या शेपटीला बांधून परत सोडली. तीनशेवर पाखरे सोडली गेली. घरी पोचली ती साठाच्या आत. त्या पाखरांची पिसे तर ऐन हिवाळ्यात नवी होती! पण धुके, बर्फ, आखूड दिवस आणि ससाणे ह्यांच्यापुढे नवी पिसेही पुरी पडत नाहीत.

पहिल्या महायुद्धात ४ जून १९१६ रोजी व्हर्दूनजवळच्या व्हो किल्ल्यातून मेजर रेनाल ह्याने आपले शेवटचे कबूतर सोडले. किल्ल्यात विषारी वायू भरलेला, प्यायला पाणी नाही. कबूतर त्या धुरातून व्हर्दूनला पोचले, चिठ्ठी दिली आणि मेले. तीन दिवसांनी किल्ला पडला. ब्रुसेल्समध्ये लढाईत कामी आलेल्या कबुतरांचे एक स्मारक १९३१ सालापासून उभे आहे.

पण मला वाचताना सारखी आठवण होते ती ऑक्टोबरची. ज्या महिन्यात बेल्जियमचा साधा खाणकामगारही आपले पाखरू टोपलीत घालणार नाही, त्याच महिन्यातली दोन उड्डाणे जगात सर्वांत प्रसिद्ध आहेत. ४ ऑक्टोबर १९१८ : आर्गॉनच्या रानात मेजर व्हिटल्सीची साडेपाचशे माणसे वेढ्यात सापडलेली, आणि वरून आपल्याच तोफांचे गोळे पडत होते. त्यांच्याजवळच्या शेवटच्या कबुतराने चिठ्ठी नेली आणि तोफा थांबल्या, अशी कथा आहे. ते कबूतर शेर आमी. छातीला गोळी लागलेली, एक पाय लोंबत असलेला. ते आज वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात पेंढा भरून ठेवले आहे. नेमकी ती चिठ्ठी ह्याच पाखराने नेली का, ह्याविषयी इतिहासकार शंका घेतात. पण जखमा खऱ्या आहेत. ते नर की मादी हा वाद शंभर वर्षे चालला आणि २०२१ साली डीएनए तपासून मिटला : नर. दुसरे उड्डाण १८ ऑक्टोबर १९४३ चे. इटलीतले काल्वी वेक्किया हे गाव इंग्रज पलटणीने ठरल्या वेळेआधी घेतले, आणि त्याच गावावर अमेरिकन विमाने बॉम्ब टाकायला निघणार होती. बिनतारी चालेना. जी. आय. जो नावाचे कबूतर सोडले; ते वीस मैल वीस मिनिटांत गेले आणि विमाने थांबली. त्याला १९४६ साली लंडनला डिकिन पदक मिळाले. हे पाखरू त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अल्जिअर्सला जन्मलेले. म्हणजे ते उड्डाण झाले तेव्हा सात महिन्यांचे पोर, पहिल्याच पीसगळीच्या वयाचे.

आणि आपल्याकडे? ओरिसाच्या पोलिसांनी १९४६ साली लष्कराकडून दोनशे कबुतरे घेऊन कोरापुटच्या डोंगराळ भागात कबूतर-डाक सुरू केली. पुढे तिचे मुख्य ठाणे कटकला झाले. १९४८ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरू संबळपूरला होते. कटकच्या सभेची व्यवस्था कशी असावी ह्याविषयीचा त्यांचा निरोप कबुतराने नेला. सकाळी सोडलेले पाखरू दुपारच्या आत कटकला. एप्रिल म्हणजे पंख पुरे असण्याचा महिना. पण १९९९ सालचे महाचक्रीवादळ आले ते २९ ऑक्टोबरला. तारा तुटल्या, दूरध्वनी मुके झाले, आणि तेव्हा ह्याच पोलिसांच्या पाखरांनी निरोप नेले. पुढे मोबाईल आले, डाक म्हणून तिचे काम संपले. पाखरे मात्र हौसेने आणि समारंभासाठी सांभाळली गेली. २०१८ साली भुवनेश्वरहून कटकपर्यंत ती पुन्हा उडवून दाखवली.

हे सगळे मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत आणि मग शाळा सुटल्यावर वडाच्या पारावर बसून सांगितले. पोर बेरकी. शेवटी म्हणाला, "मग सर, लढाईतली ती पाखरं सोडलीच की वो ऑक्टोबरात! अन् पोचलीबी."

ह्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी मला माझी स्वतःची गोष्ट सांगावी लागली. ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

१९९२ साल असेल. मी बारा वर्षांचा. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि शस्त्रक्रियेला ते भीत होते. रोज सकाळी ढाबळीत जाऊन प्रत्येक पाखराचे पंख उलगडून पाहायचे आणि मामांना सांगायचे, हे काम माझे. "आज निळीचं कितवं? चंदीचं?" असे ते खाटेवरून विचारीत, मी सांगत असे. त्या वर्षी कोजागिरीच्या सुमारास पुण्याहून पाखरे सोडायची ठरली होती. पुणे-मिरज हवेतून दोनशे किलोमीटर. मामांकडची चंदी नावाची करडी मादी सगळ्यांत वेगवान. आणि टोपली घेऊन पुण्याला जाणाऱ्या माणसाबरोबर मला आगगाडीने नेण्याचे कबूल झाले होते. मी पुणे पाहिले नव्हते. शनिवारवाडा पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता, तेवढाच.

निघण्याच्या दोन दिवस आधी सकाळी ढाबळीच्या फळीवर मला करडे लांब पीस मिळाले. चंदीचे आठवे. डाव्या पंखातले. मी पंख उलगडून पाहिला; सातवे अजून पुरे वाढले नव्हते, म्हणजे आत एक खिंडार आणि शेजारी दुसरे. दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूचेही गळाले. मामांना मी सांगितले, "सातवं चाललंय, आठवं घट्ट हाय." ती दोन्ही पिसे मी इतिहासाच्या पुस्तकात घालून ठेवली. चंदी जाणार नसेल तर मामा दुसरे पाखरू पाठवणार नाहीत, आणि पाखरू नसेल तर माझे पुणेही नाही, एवढा हिशेब मला येत होता.

संध्याकाळी टोपलीत घालताना मामांनी चंदी हातात घेतली. सवयीने त्यांची बोटे पंखावरून फिरली. एका जागी ती थांबली. मग त्यांनी मला विचारले, "नीट बघितलंस न्हवं?"

मी "व्हय" म्हणालो.

त्यांनी ती टोपलीत घातली आणि झाकणाची दोरी स्वतः बांधली.

मी पुणे पाहिले. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहिला, त्याचे खिळे मोजले. सकाळी सातला पाखरे सोडली, चंदीने दोन घिरट्या घेतल्या आणि ती दक्षिणेला वळली. पैजेतली दुसरी पाखरे अकराच्या आत मिरजेला आली. मी रात्रीच्या गाडीने परत आलो तेव्हा मामा गच्चीवर बसलेले होते. चार दिवस ते दिवेलागणीपर्यंत वर बसत. चंदी आली नाही. मामांनी मला एक शब्द विचारला नाही. मात्र त्यानंतर पंख बघण्याचे काम त्यांनी मला कधी सांगितले नाही. शेजारच्या सुताराच्या मुलाला सांगू लागले. चाळीस वर्षे पाखरे हाताळलेल्या बोटांना दोन पिसांची पोकळी कळली नसेल, असे मला आता वाटत नाही. त्यांनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला, की माझी पुण्याची हौस पाहून गप्प बसले, हे मला त्यांना विचारता आले असते. ते पुढे आठ वर्षे होते.

मुलगा ऐकत होता. मी म्हणालो, "लढाईतल्या माणसांजवळ ते शेवटचं पाखरू होतं. वरून गोळे पडत होते. तुझ्यावर काय पडतंय?"

"दोन हजार रुपये," तो म्हणाला. "अन् भाऊचं नाव."

दोन हजार रुपये ही त्याच्या घरात थोडी रक्कम नव्हे, हे मला ठाऊक होते. म्हणून मी 'सोडू नकोस' असे म्हणालो नाही. फक्त पाखरू पुन्हा हातात घेतले आणि त्याच्याकडून मोजून घेतले. डावे नववे पेरभर. उजवे त्याहून आखूड, नुसता ठिपका. म्हणजे दोन बाजू सारख्या नाहीत, आणि पंधरा दिवसांत होणारही नाहीत. दहावे जुने, तेही महिन्याभरात गळेल. मानेत नळ्या. साताऱ्याच्या बाजूने येताना डोंगराची वाट आणि आश्विनातला भरवसा नसलेला वारा. "वीस किलोमीटर असते तर मी सोडले असते," एवढेच मी माझे मत सांगितले. त्याने त्याच रात्री भावाला फोन लावला. भाऊ आधी चिडला म्हणे. मग त्याने फोनवरच पंखाचा फोटो मागवला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

रविवारी मी मुद्दाम त्यांच्या गच्चीवर गेलो. निळे ढाबळीतच होते, भिजवलेले हरभरे खात. त्याच्याऐवजी मुलाने एक तांबडी मादी पाठवली होती. तिने त्या वर्षी उशिरा पिले काढल्याने तिची पीसगळ पाचव्या पिसावर अडली होती. वेगाला ती निळ्याच्या निम्मीही नव्हती. पलीकडच्या गल्लीतले पाखरू तिच्या आधी अकरा मिनिटे पोचले. पैसे गेले. मुलाने वहीत दोन्ही वेळा लिहिल्या, अंतराला मिनिटांनी भागून मिनिटाला किती मीटर ते काढले, आणि भागाकार चुकला म्हणून पुन्हा केला.

मार्गशीर्षात निळ्याचे दहावे पीस पडले. फेब्रुवारीत पंख पुरे झाले, टोकापर्यंत काळेभोर. मग पुन्हा पैज लागली, पुन्हा साताऱ्याहून. त्या दिवशी शनिवार होता आणि सकाळची शाळा. मी पाचवीच्या वर्गावर शिवाजीमहाराजांचा जन्म शिकवीत होतो. पावणेनवाच्या सुमारास तो खिडकीशी आला. शाळा बुडवल्याबद्दल त्याला मी नंतर रागावलो. त्याने हात वर करून दाही बोटे दाखवली, मग एका हाताची मूठ दोनदा उघडली. वीस मिनिटे आधी.